नळीत रंग आला नाही

मित्रांनो, माझ्याकडे पाहून कुणाला मी कंपासपेटी वाटते, तर कुणाला दातांच्या डॉक्टरांची पेटी. एका पाहुण्या बाईंनी तर मला उघडून "यात सुयादोरे असतात का?" असे विचारले होते. मी यातले काहीच नाही. पोहण्याच्या तलावाचे पाणी तपासायची मी एक जुनी पेटी आहे. माझे निळे प्लॅस्टिक आता कडेने पांढुरके झाले आहे आणि झाकणाची एक बिजागरी तुटून तिथे तांब्याची तार आली आहे.

माझ्या पोटात दोन पारदर्शक नळ्या शेजारी शेजारी उभ्या असतात. पहिल्या नळीच्या कडेला पाच चौकोन आहेत, फिकट गुलाबीपासून गडद गुलाबीपर्यंत, आणि प्रत्येकावर एक आकडा. नळीत तलावाचे पाणी घ्यायचे, त्यात एक छोटी पांढरी गोळी टाकायची आणि हलवायचे. पाण्यातले जंतू मारणारी क्लोरीनची पावडर पुरेशी असेल तर पाणी गुलाबी होते. जितकी पावडर जास्त, तितका रंग गडद. दुसरी नळी पाणी आम्लाकडे झुकले आहे का ते सांगते. तिच्याशी आज आपल्याला काम नाही.

मी ज्या कारखान्यात जन्मले तिथे एक चष्मेवाल्या बाई रंगांच्या पट्ट्या चिकटवायच्या. प्रत्येक पट्टी त्या खिडकीपाशी धरून बघत. माझ्या आधीच्या दोन पट्ट्या त्यांनी तिसरा चौकोन किंचित फिका आहे म्हणून फेकून दिल्या. माझी पट्टी त्यांनी तीन वेळा पाहिली आणि तरीही मान हलवतच चिकटवली. तो संशयी स्वभाव मला तिथूनच मिळाला असावा. पुढे माझे कामही तसेच निघाले. पाणी कितीही निळे आणि नितळ दिसो, मी त्यावर विश्वास ठेवायचा नाही.

मला दोन इमारतींच्या मधल्या तलावावर आणले गेले. तलाव फार मोठा नव्हता. एका बाजूला मुलांसाठी कमरेएवढे पाणी, दुसऱ्या बाजूला माणूस बुडेल एवढे. कोपऱ्यात पंपाची खोली होती आणि तिच्या मागे आणखी एक लहान खोली. त्या खोलीत तलाव सांभाळणारे मामा आणि त्यांची बायको राहायचे. दोन्ही इमारतींतली लहानमोठी सगळी माणसे त्यांना मामा आणि मामीच म्हणत.

मामांचा दिवस ठरलेला असे. सकाळी लांब दांड्याच्या जाळीने पाण्यावरची पाने काढायची. मग ब्रशने भिंती घासायच्या, पायऱ्यांच्या सांध्यात बोट घालून शेवाळ बसले आहे का ते बघायचे. केस आणि कचरा अडवणारी टोपली उपसायची. फिल्टर उलटा धुवायचा. सगळ्यात शेवटी मला उघडायचे. माझी नळी ते कोपरापर्यंत हात बुडवून खालच्या पाण्यातून भरायचे, कारण वरच्या पाण्यावर त्यांचा भरवसा नव्हता. मग फाटकाजवळच्या काळ्या फळ्यावर खडूने आकडा लिहायचे. मामा लिहायला उतारवयात शिकले होते, त्यामुळे त्यांचा प्रत्येक आकडा सुटा आणि ठसठशीत असे. पावडरीच्या पिंपात एक लहान मग होता. तेच त्यांचे माप. लोक चालता चालता फळा वाचायचे आणि निर्धास्तपणे पाण्यात उतरायचे. अकरा वर्षे त्या आकड्यावर कुणी शंका घेतली नाही. मला वाटायचे, हा मान माझाच आहे.

मग सुट्ट्या सुरू झाल्या. पोहायला शिकवणाऱ्या ताईंनी मुलांचा वर्ग भरवला. पाण्यात पाय ठेवायला जागा उरेना. त्याच महिन्यात इमारतींची नवी समिती आली आणि तिच्या अध्यक्षबाई एका सकाळी तलावाच्या काठावर येऊन उभ्या राहिल्या. आदल्या दिवशी गर्दी फार झाली होती, म्हणून पाणी जरासे गढूळ होते. त्यांच्या नातवाचा कान दुखत होता. दोन गोष्टी एकत्र आल्या की तिसरी आपोआप तयार होते.

"मामा पावडर रोज टाकतात का हो?" त्यांनी ताईंना हळू आवाजात विचारले.

"फळ्यावर लिहितात तर," ताई म्हणाल्या.

"लिहायला काय जातंय?"

वॉचमन जवळच खुर्ची टाकून बसला होता. त्याला कुणी विचारले नव्हते. "मामांच्या खोलीपुढची फरशी बघितलीत का बाई? आरशासारखी. आमच्याकडे दिवसातून दोनदा पुसून अशी होत नाही. मी आपलं सांगितलं."

ती फरशी मामी रोज गुडघे टेकून नारळाच्या काथ्याने घासायची. मी पंपाच्या खोलीच्या खिडकीतल्या फळीवरून ते रोज बघायचे. पण मला तोंड नाही.

पावडरीचे पिंप पंपाच्या खोलीत असे. अध्यक्षबाईंनी त्या खोलीची जादा किल्ली ताईंच्या हातात दिली. "लक्ष ठेवा फक्त. आणि त्यांना कळू देऊ नका, नाहीतर सावध होतील."

तलाव दुपारी एक ते चार बंद असे. मामा त्या वेळी जेवून जरा पडायचे. त्या दुपारी ताई आल्या, मला उघडले आणि वरवरच्या पाण्याने नळी भरली. गोळी टाकली. रंग फिकट आला. मित्रांनो, त्यात नवल काहीच नव्हते. सकाळभर ऊन आणि चाळीस मुले पाण्यात असली की दुपारी रंग फिकाच येतो. मामांना ते माहीत होते, म्हणून ते दिवस मावळताना पुन्हा थोडी पावडर टाकायचे. ताईंना ते माहीत नव्हते, आणि विचारायचे कुणाला? ज्यांना विचारायचे त्यांच्यावरच तर लक्ष ठेवायचे होते.

"बघा, खरंच टाकत नाहीत," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मुलांच्या काळजीने त्यांचा चेहरा उतरला होता. पिंपातला लहान मग त्यांना पुरेसा वाटला नाही. फरशी धुवायचा मोठा जग होता, तो त्यांनी शिगोशीग भरला, बादलीत कालवला आणि तलावाच्या कडेकडेने ओतला. लगेच पुन्हा तपासण्यात अर्थ नसतो, म्हणून मला बंद करून त्या निघून गेल्या. संध्याकाळी मामांनीही रोजच्यासारखे आपले माप टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी नळी भरली, गोळी टाकली, हलवली. पाणी पांढरेच राहिले. एक पुसटही गुलाबी छटा नाही.

अकरा वर्षांत असे कधी झाले नव्हते. मामांनी नळी उन्हाकडे धरली. मग चष्मा पुसला. दुसरी गोळी टाकून पाहिली. पुन्हा तेच. त्यांनी फळ्यावर जाऊन शून्य लिहिले, खरे तेच लिहिले, आणि पाण्यात दुप्पट पावडर टाकली.

दुपारी ताई आल्या. नळी पांढरी. त्यांनी आणखी एक जग ओतला.

असे दिवसामागून दिवस चालले. आता माझी अवस्था ऐका. मी दोघांचेही हात बघत होते. सकाळी मामा टाकतात, दुपारी ताई टाकतात, मग माझ्या नळीत रंग का येत नाही? प्रथम मला गोळ्यांचा संशय आला. त्यांना ओल लागली असेल. मग मला पिंपाचा संशय आला. आत पावडरीऐवजी खडूचा भुगा तर भरलेला नाही? नंतर वाटले, पावडर बादलीत कालवून दोघेही भलतीकडेच ओतत असतील, मला दिसते तेवढेच खरे कशावरून? मी सगळ्यांवर संशय घेतला. एकच उरले होते, तिकडे माझे लक्ष गेले नाही.

पाण्यात उतरलेल्यांचे डोळे चुरचुरू लागले. मुलांच्या बोटांची कातडी सोलवटायला लागली. एका मुलीचे केस झाडूच्या काड्यांसारखे झाले. सगळे एकच म्हणत, पाणी घाण आहे, पावडर नाही, फळ्यावर मामांनीच शून्य लिहिले आहे. अध्यक्षबाईंनी त्या फळ्याचा फोटो काढून सगळ्यांना पाठवला.

मामांनी एकदा त्यांना गाठले. "बाई, पाण्यात काहीतरी बिघाड आहे. चार दिवस तलाव बंद ठेवू या."

"बंद? म्हणजे तुमचं झाकलं जाईल," अध्यक्षबाई म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.

त्यातच पिंप संपले. जे महिनाभर पुरायचे ते नवव्या दिवशी तळाला गेले. आता मामांनाही संशयाने पछाडले. त्यांनी नव्या पिंपाच्या आत खडूने रेघ मारली. झाकणावरून काळा दोरा आडवा चिकटवला. दुसऱ्या दिवशी दोरा तुटलेला आणि पावडर रेघेच्या चार बोटे खाली.

"कुणीतरी पावडर चोरतंय," ते मामीला म्हणाले. "वॉचमनच असणार. बसल्या जागेवरून डोळे कसे फिरवतो बघ."

मामी फरशी घासत होती. तिने मान वर केली नाही. "तुम्ही म्हणता वॉचमन चोरतो. वॉचमन म्हणतो तुम्ही चोरता. लोक माझी फरशी बघायला येतात, दोन बायका तर वाकून हात लावून गेल्या. आता पुसायची का बंद करू?"

त्या दिवसापासून मामांनी वॉचमनला चहा विचारणे बंद केले. वॉचमनने मामांच्या पिशवीत डोकावणे सुरू केले. ताई मामांशी नजर मिळवत नसत, आणि मामांना वाटे, यांनाही माझी घृणा आली. इतक्या लहानशा जागेत इतकी माणसे एकमेकांकडे तिरकी बघत होती, आणि मधे ते निळे पाणी अगदी नितळ, तळाची फरशी मोजता यावी असे.

रविवारी सकाळी नऊ वाजता समिती काठावर जमली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. दहा वाजता मुले पालकांना पोहून दाखवणार होती, त्याआधी मामांचा निकाल लावायचा होता. मामी खोलीच्या दारात उभी होती. तिच्या मागे भांडी गोणपाटात बांधलेली दिसत होती. मामांचे काम गेले तर ती खोलीही जाणार, हे तिला कुणी वेगळे सांगायला नको होते.

"सगळ्यांसमोर तपासा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

मामांनी हात कोपरापर्यंत बुडवून नळी भरली. गोळी टाकली. पाणी हलवले. नळी वर धरली. पाणी पांढरे.

एका खुर्चीचा पाय फरशीवर करकरला.

"आता याहून काय सांगायचं?" अध्यक्षबाई म्हणाल्या. "दोन पिंपं संपली आणि पाण्यात एक कण नाही. मामा, किल्ल्या द्या."

मामा कमरेची किल्ली सोडू लागले. गाठ सुटत नव्हती.

"थांबा जरा," मागून कुणीतरी म्हणाले.

त्या लाँड्रीवाल्या आजी होत्या. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी सांगितले म्हणून रोज सकाळी त्या पाण्यात चालायला यायच्या. त्यांनी अडतीस वर्षे स्वतःची लाँड्री चालवली होती, आणि अजूनही समोरच्याच्या चेहऱ्याआधी त्या त्याची कॉलर बघायच्या. त्यांनी हातातल्या पिशवीतून पोहायचा पोशाख काढला आणि अध्यक्षबाईंच्या मांडीवर टाकला.

"हा रंग कोणता?"

"राखाडी," अध्यक्षबाई जरा मागे सरकत म्हणाल्या.

"महिन्यापूर्वी नेव्ही ब्ल्यू घेतलाय. शिवणीच्या आत बघा, अजून तसाच आहे. पाण्यात एक कण नाही म्हणता, मग माझ्या कपड्याचा रंग कोणी खाल्ला?"

"जुना झाला असेल, आजी."

"मला कपड्याचं शिकवू नका, बाई. जुना कपडा गुडघ्यावर, ढुंगणावर विरतो. हा सगळीकडून सारखा उतरलाय. हे ब्लीचचं काम. लाँड्रीत नवीन पोरी कामाला लागल्या की हमखास एक चूक करायच्या. डाग निघत नाही म्हणून ब्लीच ओतत राहायच्या, आणि मग डागासकट कपड्याचा रंगही घालवून बसायच्या." त्यांनी माझी नळी मामांच्या हातून घेतली आणि डोळ्यांपाशी धरली. "मामा, पुन्हा एक गोळी टाका. आणि टाकताना तुमच्या पायाकडं नका बघू, नळीकडं बघा."

मामांनी गोळी टाकली. आजींनी बोट दाखवले. गोळीभोवती क्षणभर गुलाबी धूर उठला, आणि उठला तसा नाहीसा झाला.

"दिसलं? रंग येत नाही असं नाही. येतोय आणि जळून जातोय. एक मोठं पातेलं आणा. नऊ पेले प्यायचं पाणी, एक पेला तलावाचं."

मामीनेच गोणपाट सोडून पातेले आणले. पेले मोजून ओतले. त्या पाण्याने माझी नळी भरली, गोळी पडली.

मित्रांनो, मी गुलाबी झाले. शेवटच्या चौकोनाच्या पलीकडची, बिटाच्या रसासारखी. दहापट पातळ करूनही पट्टीवर मावेना.

ताई पुढे झाल्या. त्यांनी खिशातून किल्ली काढून फरशीवर ठेवली. "मी टाकत होते. रोज दुपारी. मोठा जग भरून. मला वाटलं मामा..."

मामांनी किल्लीकडे पाहिले. "म्हणजे दोरा तुम्ही तोडलात?"

"दोरा होता? मला दिसलाच नाही."

"मी फक्त लक्ष ठेवा म्हटलं होतं," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"किल्ली तुम्ही दिलीत," ताई म्हणाल्या. "आणि कळू देऊ नका म्हणालात. एकदा विचारलं असतं तर पहिल्याच दुपारी उलगडा झाला असता."

मग ताईंनी मला हातात घेतले, उलटसुलट केले आणि नळ्यांच्या खालचा कप्पा नखाने उचकटला. तिथे एक घडी घातलेला कागद ओलीने चिकटून बसला होता. त्यांनी तो सोडवून वाचला. मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिले होते की क्लोरीन फार जास्त असेल तर रंग उडून जातो, अशा वेळी पाणी पातळ करून पुन्हा तपासावे. अकरा वर्षे मी त्या कागदावर बसून होते. मी गोळ्यांवर संशय घेतला, पिंपावर घेतला, मामांवर घेतला, ताईंवर घेतला. खोटे बोलत होते ते मी. त्या दिवशी मला झाकण आहे याचे बरे वाटले, कारण ते कुणीतरी बंद केले.

मुलांचे पोहणे त्या दिवशी झाले नाही. कुणी पाण्यात पाय घातला नाही. मामा किल्ली कमरेला खोचून थेट फाटकाकडे गेले. वॉचमन उभा राहिला.

"मी तुझ्यावर संशय घेत होतो रे," मामा म्हणाले. "पावडर तू चोरतोस असं मला वाटत होतं."

वॉचमन ओशाळला. "मला वाटत होतं तुम्ही. तुमच्या पिशवीत बघितलं मी, दोनदा. भोपळाच निघाला."

"अर्धा भोपळा," मामा म्हणाले. "अर्धा कुठे गेला, ते अजून कळलेलं नाही."

वॉचमनने खाली बघितले, आणि मग दोघेही हसले.

पुढे दहा दिवस तलाव पोहणाऱ्यांना बंद ठेवून उन्हाला सोपवला. थोडे पाणी काढून नवे भरले. रोज सकाळी मामा आणि ताई दोघे मिळून मला उघडायचे. ताई कागद वाचून दाखवायच्या, मामा पाणी मोजून पातळ करायचे. नऊ पेल्यांचे चार झाले, मग दोन. अकराव्या दिवशी काहीही न मिसळता मी तिसऱ्या चौकोनावर येऊन थांबले. लाँड्रीवाल्या आजी पहिल्या उतरल्या, नवा पोशाख घालून. रंग मात्र त्यांनी मुद्दाम पांढरा निवडला होता. "आता काय उडवायचं ते उडवा," त्या म्हणाल्या.

अध्यक्षबाईंनी माफी मागितली नाही. त्यांना ते जमत नसावे. पण एका सकाळी त्या काठावर आल्या, मामांच्या हातून नळी घेतली, उन्हात धरली आणि म्हणाल्या, "मला दोन दिसतंय. तुम्हाला?"

"मला अडीच," मामा म्हणाले.

त्यांनी फळ्यावर अडीच लिहू दिले.

मामीने भांडी सोडून पुन्हा मांडली. घरातले पाणी भरायचे एक मोठे पिंप मात्र अजून गोणपाटात बांधलेलेच आहे. मामांनी दोनदा विचारले, ती म्हणते, "राहू दे, जागा अडवत नाही." एकदा घेतलेला संशय पावडरीसारखा दहा दिवसांत उन्हाने उडत नाही, हे मला तिच्याकडे बघून कळले.

आता समितीने आकडे दाखवणारे एक नवे यंत्र आणले आहे. ते आपले बटण दाबले की बोलते. माझ्यावर धूळ बसते, माझ्या गुलाबी पट्टीचा तिसरा चौकोन उन्हाने खरोखरच फिका पडू लागला आहे, आणि कधी कधी आठवडा आठवडा मला कुणी उघडत नाही. यंत्राचा आकडा विचित्र आला की मात्र मामा मला हाक मारल्यासारखे फळीवरून उचलतात.

म्हणून मित्रांनो, माझ्यासारखी पेटी तुमच्या हाती आली तर तिच्या नळ्या वापरून झाल्यावर साध्या पाण्याने विसळा. तिला उन्हात टाकू नका, गोळ्या ओल्या होऊ देऊ नका, आणि तिच्याबरोबर आलेला कागद एकदा तरी पूर्ण वाचा. संशय आला तर जरूर घ्या, मी तो जन्मभर घेतला आहे. पण ज्याच्यावर घ्याल त्याच्यासमोर नळी धरा आणि विचारा, "तुम्हाला काय दिसतंय?" आणि त्याचे उत्तर येईपर्यंत किल्ली कुणाच्याही हातात देऊ नका.